निळ्या नदीवरचा फुलोबा

एनॉक टॅम्सच्या हातून प्लेट फुटली ती बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, आणि त्या वेळी तो स्वयंपाकघरात नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याचे हात स्वयंपाकघरात होते, पाय होते, राखाडी स्वेटरही तिथेच होता. स्वतः एनॉक मात्र निळ्या नदीवरच्या तीन कमानींच्या पुलावर कोपरं टेकून उभा होता आणि पलीकडच्या गाई पाण्यावर कधी उतरतात याची वाट बघत होता.

नदी अर्थात प्लेटवरची. पांढऱ्या प्लेटवर निळ्या शाईने छापलेली नदी, पूल, गाई, मागे एक घुमटाचं देऊळ आणि त्याच्या शेजारी ताडाचं झाड. हे चित्र ज्याने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, तो आमच्या मार्लबँकच्या, या चिनीमातीच्या गावाच्या, बाहेर कधी पडला नसावा. कारण त्याचा ताड म्हणजे गावातल्या भट्टीचं धुराडंच, वरून पानं लावलेलं. पण हवा फार छान होती तिथली. मार्लबँकमध्ये तशी हवा एनॉकने जन्मात पाहिली नव्हती. तिथे कायम चारचा सुमार असायचा, उन्हाळ्यातला, आणि कुणालाच कुठे जायचं नसायचं.

थर्झा, म्हणजे त्याची बायको, केस सेट करून घ्यायला गेली होती. जाताना बजावून गेली होती, "कपाटातल्या आठही प्लेटा काढून ठेवल्यात. रविवारी लागतील. बघितल्यास तर चालेल. हात लावू नकोस."

एनॉकने बघितल्याच. पण सदतीस वर्षं लायब्ररीत काढलेला माणूस. हातात घेतल्याशिवाय काही बघायची त्याला सवयच नव्हती. आणि आठांतून त्याने हातात घेतली ती नेमकी फुलोबाची.

हा फुलोबा कोण, ते सांगायला हवं. थर्झाची पणजी केझाया ही गावच्या कारखान्यात चिकटवणारी होती. म्हणजे तांब्यावरचं चित्र पातळ कागदावर छापून आलं की तो ओला कागद कात्रीने कापून भाजलेल्या प्लेटवर बसवायचा, ब्रशने घासघास घासायचा, मग पाण्यात कागद धुऊन टाकायचा. कागद जातो, निळं चित्र राहतं. एकदा केझायाच्या हातात कागद फाटला. नदीत नाव होती, नावेत नावाडी होता, पण नावाड्याचं डोकं होतं तिथे कागदाला भोक. जेवणाची घंटा झाली होती म्हणतात. तिने कडेच्या नक्षीतला एक गुलाब कापला आणि भोकावर बसवून दिला. भट्टीतून प्लेट बाहेर आली तेव्हा नावेत एक मनुष्य वल्हं मारत बसला होता आणि त्याच्या मानेवर चांगला टपोरा गुलाब होता.

मुकादमाने ती बिघडलेल्या मालात टाकली. बिघडलेला मालच काय तो कामगारांच्या घरी जायचा. त्यामुळे थर्झाच्या आठही प्लेटा अशाच होत्या: एकीवर देऊळ पुसट होऊन धुक्यात गेलेलं, एकीवर गाईला पाच पाय, एकीवर केझायाच्या अंगठ्याचा ठसा थेट आभाळात, ढगाच्या जागी. पण थर्झाची स्वतःची अशी प्लेट एकच. "भाजी संपव, खाली फुलोबा वाट बघतोय," असं म्हणत आईने तिला त्यातून जेवू घातलं होतं. बासष्टाव्या वर्षीही ती भाजी त्याच्यासाठीच संपवायची.

आणि आता फुलोबा फरशीवर चार तुकड्यांत पडला होता. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. नदी इकडे, पूल तिकडे.

कुणी म्हणेल, खरं सांगून मोकळं व्हावं. एनॉकलाही तसंच वाटलं. पण थर्झा चिडली असती, आदळआपट केली असती, तर त्याने सांगितलंही असतं. ती चिडत नसे. ती फक्त ती वस्तू त्याच्या हातून शांतपणे काढून घेई आणि पुन्हा कधी देत नसे. अडतीस वर्षांच्या संसारात मुलीची बाबागाडी (खाटकाकडे विसरली होती, मुलीसकट), बागेतली कात्री, घराची किल्ली आणि नाताळच्या केकवर ब्रँडी ओतून पेटवण्याचा मान, असं एकेक निघून गेलं होतं. आता त्याच्याकडे उरलं होतं जेवणानंतर भांडी पुसणं. एवढं एकच काम. ते गेलं की संध्याकाळी स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभं राहायला काही कारणच राहणार नव्हतं.

त्यातून रविवारी यायचं होतं मुलीच्या, जॅनिसच्या, होणाऱ्या सासूबाईंना. मिसेस लँगले, थेट लंडनजवळच्या सरेहून. पंधरा दिवस थर्झाची झोप उडाली होती. एनॉकने ठरवलं, रविवार पार पडू दे, सोमवारी सांगू. प्रश्न होता तो रविवारचाच.

त्याने तुकडे बिस्किटांच्या डब्यात भरले, उरलेल्या सात प्लेटा कपाटात रचून ठेवल्या आणि परसातल्या भिंतीपाशी जाऊन शेजारच्या जॅबेझ शफलबॉटमला हाक मारली. जॅबेझने चाळीस वर्षं भट्टीत माल रचला होता. डोक्यावर फळी आणि फळीवर प्लेटा घेऊन तो शिडी चढायचा. सबंध कारकिर्दीत आपल्या हातून एकच प्लेट फुटली आणि तीही मुद्दाम, असं तो सांगे.

"चार तुकडे," जॅबेझ डब्यात बघत म्हणाला. "मग रडतोस काय बदका. हे तर जोडायचं काम." मार्लबँकमध्ये कुणालाही बदक म्हणतात, पोलीस चोराला म्हणतो, पाद्री नवरीला म्हणतो.

"थर्झाला कळेल."

"मी जोडलेलं राणीला कळणार नाही."

राणीला कळलं असतं. जॅबेझने चष्मा लावायला नकार दिला, कारण भट्टीत कधी लावला नव्हता. गोंद भरपूर होता. प्रत्येक सांध्यात त्याने तो मन मोकळं करून भरला, त्यामुळे तुकडे एकमेकांकडे कलत गेले आणि दुपारी तीन वाजता जे तयार झालं त्याला प्लेट म्हणणं धाडसाचं होतं. तो वाडगा होता. त्यात पुलावरून चालणारा माणूस सरळ देवळाच्या घुमटात शिरत होता.

"सूप देता येईल यात," जॅबेझ जरा लांब धरून म्हणाला.

"रविवारी रोस्ट आहे."

"मग दाबून बघू."

त्याने दाबून बघितलं. तुकडे सात झाले.

गुरुवारी एनॉक टाउन हॉलमध्ये गेला. तिथे 'जुन्या वस्तू ओळख' अशी एक खिडकी होती. निदान हे चित्र कोणत्या कारखान्याचं एवढं कळलं तर तसलीच दुसरी प्लेट शोधता येईल, असा त्याचा विचार. खिडकीत मिस स्नेड बसल्या होत्या. त्यांनी डब्याकडे न बघता फॉर्म पुढे ओढला.

"वस्तू संपूर्ण आहे की अपूर्ण?"

"संपूर्ण आहे," एनॉक म्हणाला. "फक्त एका जागी नाही."

"म्हणजे तुकडे."

"पण सगळे आहेत. एकही कमी नाही."

"इथे फक्त भांडी. तुकडे पुरातत्त्वाकडे." त्यांनी पांढरा फॉर्म सरकवून गुलाबी काढला. "कुठे सापडले?"

"स्वयंपाकघरात."

"किती खोलीवर?"

"फरशीवरच."

"जमिनीच्या पातळीला," त्या लिहीत म्हणाल्या. "आसपास आणखी काही मिळालं?"

एनॉकने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "माझ्या सपाता."

"पादत्राणे, एक जोड. काळ?"

"साडेदहा."

"शतक सांगा."

"चालू."

मिस स्नेड यांनी तेही लिहून घेतलं, सही घेतली, शिक्का मारला. मग सरकारी काम संपल्यासारखं पेन बाजूला ठेवून त्यांनी डब्यातला एक तुकडा उचलला आणि सवयीने उलटा करून मागची बाजू पाहिली. हे मात्र आमच्याकडे सगळेच करतात. मार्लबँकचा माणूस कुठेही जेवायला बसू दे, हॉटेलात, लग्नात, इस्पितळात. अन्न संपलं की प्लेट उलटी करून मागचा शिक्का बघणार, कोणाच्या घरची आहे ते. त्याशिवाय जेवण अंगी लागत नाही.

"शिक्का नाही, नुसता चिकटवणारीचा ठिपका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "निळं काय उतरलंय पण. माझी आई चिकटवणारी होती." इकडेतिकडे बघून त्या खिडकीतून वाकल्या. "हे मी सांगितलं नाही. मेचिनबाई वारल्या ना. त्यांच्याकडे ही नदी होती. उद्या चॅपलच्या हॉलमध्ये त्यांच्या मयतीनंतरचा चहा आहे. मेचिनकडच्या सगळ्या प्लेटा बाहेर निघतील."

एनॉकला हे पटलं नाही. अनोळखी बाईच्या मयतीच्या चहाला प्लेट शोधायला जायचं, हे कुठल्याही सभ्य माणसाला शोभणारं नव्हतं. शुक्रवारी तीन वाजता तो काळा टाय बांधून हॉलच्या दारात उभा होता.

आत गेल्या गेल्या त्याला नदी दिसली. लांबलचक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, हॅमच्या सँडविचांखालून पुलाची एक कमान डोकावत होती. त्याने एक सँडविच उचललं. पूल बराचसा मोकळा झाला. दुसऱ्या सँडविचने गाई बाहेर आल्या. एकदम चार उचलणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो एकेक खात राहिला. ताडापाशी त्याला जरा थांबावं लागलं. त्याला हॅम फारसं मानवत नसे. पण समोर एकेक घास सरत होता तसतशी नदी उलगडत होती, काठावरची लव्हाळी, पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब, आणि हॉलमधली कुजबुज लांब लांब जात होती. पुलावर तीच हवा होती. चारचा सुमार होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हॅममुळे की कशामुळे, त्याला सांगता आलं नसतं.

"बसा ना तुम्ही," कुणीतरी त्याचा दंड धरला. काळ्या पोशाखातली एक पन्नाशीची बाई होती, मेचिनबाईंची मुलगी. "आईवर इतका जीव होता तुमचा?"

एनॉकला खोटं बोलता येत नसे आणि खरं बोलायला त्याला वेळ लागत असे. "मी लायब्ररीत होतो," तो म्हणाला. एवढं खरंच होतं. गावातली प्रत्येक म्हातारी त्याच्याकडून पुस्तकं नेई.

"अय्या, ते तुम्ही होय. आई सांगायची, काउंटरवर एक माणूस आहे, पुस्तक देताना असा चेहरा करतो की जणू आपण त्याच्या घरातून नेतोय."

यावर मात्र एनॉकला राहवलं नाही. त्याने सगळं सांगितलं. प्लेट, फुलोबा, जॅबेझचा गोंद, मिस स्नेड (त्यांचं नाव त्याने सांगायला नको होतं) आणि अकरा सँडविचं. सांगताना तो टेबलाशी बोलत होता. वर बघितलं तेव्हा ती बाई रुमाल तोंडात धरून हसत होती आणि आजूबाजूचे पाहुणे दुःखावेगाने हिला काय झालं म्हणून गोळा होत होते. त्यांच्यातले निम्मे हातातली प्लेट उलटी करून शिक्का बघत होते, ती गोष्ट वेगळी.

"घेऊन जा," ती म्हणाली. "आई असती तर तिनेच दिली असती. पण रिकामी नाही देणार." आणि तिने त्या प्लेटवर आणखी सहा सँडविचं रचली.

हॅमची प्लेट दोन्ही हातांनी छातीशी धरून एनॉक भर बाजारातून घरी निघाला. ओटच्या घावनांच्या दुकानापाशी तिघांनी त्याला कोण गेलं म्हणून विचारलं. घराच्या मागच्या गल्लीत जॅबेझने सँडविचं संपवायला मदत केली, आणि शेवटचं उचललं तेव्हा दोघेही खाली बघत राहिले.

प्लेट सुंदर होती. कुठे ओरखडा नाही, सांधा नाही, धुकं नाही. मेचिनांनी दुकानातून घेतलेला पहिल्या प्रतीचा माल. नदीत नाव होती, नावेत नावाडी होता, आणि नावाड्याला डोकं होतं.

"हात्तिच्या," जॅबेझ म्हणाला. "ही तर चांगली आहे."

एनॉक भिंतीला टेकला. अख्खं गाव पालथं घालून त्याने एक धड प्लेट मिळवली होती, आणि या घरात न शोभणारी वस्तू म्हणजे नेमकी तीच.

"मग झाकायची," जॅबेझ म्हणाला. "नावाड्यावर यॉर्कशर पुडिंग ठेव. नुसत्या पिठाचं, पण वाडग्याएवढं फुगतं थर्झाचं. वर ग्रेव्ही. ग्रेव्हीखाली काय वाट्टेल ते लपतं. माझ्या बायकोने तिच्या आईची सगळी पाककला लपवली. रविवारी मी येतो ग्रेव्ही वाढायला."

शनिवारी सकाळी टपालाने एक पत्र आलं. श्री. टॅम्स यांचे स्वयंपाकघर प्राथमिक नोंदीत घेतले असून प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत तेथे खोदकाम, नांगरट अथवा पाया भरणे करू नये, असं त्यात होतं.

"कुणाचं पत्र?" थर्झाने मटार सोलता सोलता विचारलं.

"पुरातत्त्व खात्याचं."

"तुला का?"

"वयामुळे असेल," एनॉक म्हणाला आणि ते एका जाड पुस्तकात घालून त्या पुस्तकावर बसला.

रविवारी मिसेस लँगले आल्या. उंच, बारीक, मोत्यांची एक सर, आणि हातमोजे काढून कुठे ठेवावेत ते न कळल्याने दोनदा पुन्हा घातलेले. त्या घाबरल्या होत्या हे एनॉकच्या लगेच लक्षात आलं. या विषयातला तो जाणकार होता. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण थर्झा स्वतःच घाबरलेली होती, जॅनिस आईकडे बघून घाबरली होती, आणि तिचा होणारा नवरा नायजेल जॅनिसकडे बघून. तेवढ्यात मागच्या दाराने जॅबेझ आला.

"तुला कुणी बोलावलं?" थर्झाने विचारलं.

"वासाने," जॅबेझ म्हणाला, आणि मिसेस लँगले यांचा हात हातात घेऊन, "काय बदका, प्रवास झाला ना बरा?" मिसेस लँगले यांनी मागे वळून बघितलं, पण मागे कुणी नव्हतं.

"आज प्लेटा मी वाढून आणतो," एनॉकने जाहीर केलं. थर्झाने त्याच्याकडे पाहिलं. पाहुण्यांसमोर नवऱ्याच्या हातून काही काढून घेणं तिच्या रीतीत बसत नव्हतं.

स्वयंपाकघरात थर्झाच्या प्लेटवर त्याने बीफ एका कडेला, बटाटे दुसऱ्या कडेला, मटार देवळावर आणि पुडिंग बरोब्बर नावेवर ठेवलं. मग ग्रेव्ही. ही एक प्लेट वाढायला त्याला बाकीच्या पाच प्लेटांपेक्षा जास्त वेळ लागला. इतकं मन लावून त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं.

जेवण सुरू झालं. थर्झाने पुडिंगाचा एक तुकडा कापला. "ग्रेव्ही," जॅबेझ म्हणाला आणि ओतली. तिने दुसरा कापला. "आणखी थोडी," जॅबेझ म्हणाला.

"अरे बुडाले मी."

"कोरडं खाऊ नये गं. घशाला बरं नाही."

निळ्या नदीला पूर आला होता. बटाटे बेटांसारखे उभे होते. एनॉक घास चावायचा विसरला होता. तिकडे मिसेस लँगले हलक्या आवाजात सरेच्या हवेबद्दल सांगत होत्या, थर्झा "हो का, असं का" करत होती, आणि घासागणिक तिची सुरी नावाड्याच्या जवळ येत होती.

आणि मग जॅबेझने घात केला. त्याचा त्यात काही हेतू नव्हता. त्याचं जेवण झालं, पावाने प्लेट लख्ख पुसून झाली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्याने ती उचलून उलटी केली, मागे बघितलं, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि खाली ठेवली. ते बघून जॅनिसने, बोलता बोलताच, तिची उलटी केली. नायजेल दोन वर्षं जॅनिसबरोबर हिंडत होता, त्यानेही केली.

मिसेस लँगले थांबल्या. चांगल्या घरातल्या बाई. दुसऱ्याच्या घरी गेलं की त्या घरची रीत पाळायची हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. तिघांनी एकापाठोपाठ एक प्लेट उलटी केली आणि खाली ठेवली, पहिला तर पुटपुटलाही. ही प्रार्थना असणार, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. आपण मागे पडलो, एवढंच त्यांना वाटलं. त्यांच्या प्लेटमध्ये अजून अर्धं बीफ होतं, दोन बटाटे होते, मटार होते. त्यांनी दोन्ही हातांनी प्लेट उचलली, डोळे मिटले आणि सावकाश उलटी केली.

"आमेन," त्या म्हणाल्या.

मटार बराच वेळ घरंगळत होते. एक टेबलावरून खाली पडला आणि फरशीवर टपटपत कुठेतरी गेला. मिसेस लँगले यांनी डोळे उघडले, प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांची मान मोत्यांपासून वर लाल होत गेली. त्यांचे हात टेबलक्लॉथवरून एकेक मटार वेचू लागले.

थर्झा त्या हातांकडे बघत होती. मग तिने सुरी-काटा खाली ठेवला, आपली प्लेट उचलली, तो सगळा तलाव, बेटं, उरलंसुरलं पुडिंग, आणि पांढऱ्या शुभ्र टेबलक्लॉथवर शांतपणे उलटी केली.

"आमेन," ती म्हणाली.

अडतीस वर्षांत एनॉकने तिच्याकडे जेव्हा जेव्हा पाहिलं होतं, त्यात ही बाई त्याने पाहिली नव्हती. तो बघत राहिला, आणि त्यामुळे काय होणार आहे हे त्याच्या डोक्यात आलं तोवर उशीर झाला होता. थर्झाने प्लेट सरळ केली. ग्रेव्ही ओघळून गेली होती. ज्या जागी गुलाब असायचा तिथे तिची नजर गेली आणि थांबली.

तिने वर पाहिलं नाही. नुसती बघत होती, खिडकीतून रस्त्यावरचं कुणी अनोळखी येताना दिसावं तशी. एनॉकला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या पुलावर निघून जावं. पण पूल तिच्या हातात होता.

"जॅनिस, टेबलक्लॉथ काढ," ती म्हणाली. "मी सफरचंदाची पाई आणते."

पाईबरोबर मिसेस लँगले बोलू लागल्या. आमच्याकडे जेवण झालं की फक्त रुमालाची घडी घालतात, त्या म्हणाल्या, किती कंटाळवाणं. जॅबेझने त्यांना शिक्का कसा वाचायचा ते शिकवलं. त्यांनी पाईची प्लेट उलटी करण्याआधी तिघांना विचारलं, ती रिकामी आहे ना. सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त त्या स्वतः.

सगळी मंडळी पुढच्या खोलीत बसली तेव्हा थर्झा भांड्यांपाशी आली. एनॉक फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. तिने पाच प्लेटा धुतल्या आणि निथळायला ठेवल्या. सहावी पाण्याबाहेर काढून खिडकीच्या उजेडात धरली.

"कधी?"

"बुधवारी. तू केसांना गेली होतीस."

"तुकडे?"

"बिस्किटांच्या डब्यात. सात आहेत. चारचे सात जॅबेझने केले." त्याला हे सांगायला नको होतं असं वाटलं. "गुलाब शाबूत आहे. मी सोमवारी सांगणार होतो थर्झा. मी पुसत होतो. म्हणजे पुसत नव्हतो, बघत होतो."

अंगठ्याने तिने नावाड्यावरचं पाणी पुसलं. त्याला गोल टोपी होती. टोपीखाली एक वाटोळं, साधं तोंड होतं, जरासं उघडं, काहीतरी सांगायला आला आणि ऐन वेळी विसरला असावा तसं. वल्हं त्याने उलटं धरलं होतं. आजवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं; सगळेच फुलाकडे बघायचे.

"लहानपणी मला वाटायचं, फुलाखाली राजपुत्र असेल," ती म्हणाली. "बाबा म्हणायचे दरोडेखोर आहे, म्हणून तोंड झाकलंय. आई म्हणायची, गप जेव. पण माझं पक्कं होतं. राजपुत्रच. भाजी मी त्याच्यासाठी संपवायचे." तिने प्लेट आणखी जवळ घेतली, मग लांब धरली. मग मान वळवून एनॉककडे पाहिलं, पुन्हा प्लेटकडे, पुन्हा एनॉककडे. असं तिने त्याच्याकडे फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"बासष्ट वर्षं," ती म्हणाली. "आणि निघालास तू."

याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही, हे एनॉकला कळेना. थर्झाच्या चेहऱ्यावरूनही कळलं नाही, कारण तिने तेवढ्यात चहाचा ट्रे उचलला होता. जाता जाता तिने ओली प्लेट त्याच्या हातात दिली.

"पूस," ती म्हणाली, आणि मागे वळून न बघता पुढच्या खोलीत निघून गेली.

एनॉकने पुसली. बराच वेळ पुसत होता.